जुनं व्हर्जन चालतंय, पण सांभाळतंय कोण?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्याकडे अजून चालू असलेलं सगळ्यात जुनं ओपन सोर्स सॉफ्टवेअर कुठलं आणि त्याचं टेन्शन काय आहे, तर पत्रं आणि मेल इतके आले की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. नावं छापलेली नाहीत. बहुतेकांनी स्वतःच तसं सांगितलं आणि ते बरोबरच आहे, आपल्या सर्व्हरवर काय जुनं चालतं हे नाव-गावासकट छापून आणायची गोष्ट नाही.

प्रश्न : नमस्कार, मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर आहे, उबंटू १८.०४ या लिनक्स सिस्टिमवर. बसवून देणारा मुलगा आता बंगलोरला गेला, फोन उचलतो बिचारा पण येऊ शकत नाही. सगळं व्यवस्थित चाललंय, देवघेव होते, बारकोड होतो, नॅकचे रिपोर्टसुद्धा त्यातूनच काढले. नवीन प्राचार्य म्हणतात हे आउटडेटेड आहे, सपोर्ट संपलाय, बदला. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? सपोर्ट संपला म्हणजे नेमकं बंद काय पडणार आहे?

उत्तर : ताई, बंद काहीच पडणार नाही. उद्या देवघेव होईल, पुढच्या वर्षीही होईल. सपोर्ट संपला म्हणजे एवढंच की त्या व्हर्जनमध्ये सिक्युरिटीचं भोक सापडलं तर ते बुजवून अपडेट म्हणून तुमच्यापर्यंत पाठवायचं काम आता कोणी करत नाही. भोकं मात्र सापडत राहतात आणि ती सगळ्यांना कळतात, कारण नव्या व्हर्जनमध्ये काय काय दुरुस्त केलं याची यादी जाहीर असते आणि ती यादी चोरही वाचतात.

आता तुमच्याकडे खरं तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्राचार्यांनी त्या एकच धरल्यात. खाली उबंटू, वर कोहा. उबंटू १८.०४ चा पाच वर्षांचा नेहमीचा सपोर्ट ३१ मे २०२३ ला संपला हे खरं, पण उबंटू बनवणारी कॅनोनिकल कंपनी उबंटू प्रो नावाखाली त्याच १८.०४ ला एप्रिल २०२८ पर्यंत सिक्युरिटी अपडेट देते, आणि वैयक्तिक किंवा छोट्या वापराला पाच मशीनपर्यंत ते फुकट आहे, अकाउंट काढून टोकन टाकायचं की झालं. कॉलेज त्या अटीत बसतं का ते एकदा वाचून घ्या, नसेल बसत तर मग प्राचार्यांना सांगायला हातात एक आकडा तरी येईल.

कोहाचं तसं नाही. ते उबंटूच्या भांडारातून येतच नाही, कोहावाल्यांच्या स्वतःच्या रेपोतून येतं, म्हणजे प्रो घेतलं तरी कोहा आहे तिथेच राहणार. कोहाची नवी मालिका दर सहा महिन्यांनी येते, मे आणि नोव्हेंबर, आणि नंबरही तसाच असतो, २२.११ म्हणजे २०२२ चा नोव्हेंबर. मागच्या काही मालिकांना ठरावीक काळ दुरुस्त्या मिळतात, त्या करणारी माणसं त्या-त्या मालिकेची जबाबदारी नावानिशी उचलतात, आणि त्यांची मुदत झाली की ती मालिका सुटते. तुमचा नंबर 'अबाउट कोहा' या पानावर दिसेल, तो आधी एका कागदावर लिहून ठेवा कारण पुढे जो कोणी मदतीला येईल तो पहिलं तेच विचारणार.

मग घाई किती? हे एकाच गोष्टीवर ठरतं, तुमचा ओपॅक, म्हणजे पुस्तकं शोधायचं पान, इंटरनेटवर उघडा आहे की फक्त कॉलेजच्या लॅनवर, म्हणजे आतल्या नेटवर्कवर. फक्त लॅनवर असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत निवांत थांबा. घरून विद्यार्थी पुस्तक शोधू शकतात असं असेल तर थांबू नका, निदान काम होईपर्यंत तरी तो बाहेरून बंद करा, विद्यार्थी चार दिवस कुरकुर करतील पण चालेल. आणि चालू मशीनवर अपग्रेडचा प्रयोग अजिबात करू देऊ नका कोणाला. दुसरा एखादा पीसी घ्या, त्यावर डेबियन १२ (उबंटूसारखीच दुसरी लिनक्स सिस्टिम) आणि आताचं कोहा बसवायचं, जुन्यावरून कोहा-डंपने काढलेला बॅकअप त्यावर चढवायचा, डेटाबेस स्वतःला पायरी पायरीने नव्या रचनेत आणतो, त्याला वेळ लागतो, चहा घेऊन या. मग आठवडाभर दोन्हींवर तीच पुस्तकं शोधून बघा, थकबाकी आणि दंडाचे आकडे जुळवा, आणि मगच जुनं मशीन बाजूला ठेवा. बंगलोरचा मुलगा हे फोनवरून, रिमोटने आरामात करून देईल.

प्राचार्यांना हेही सांगा की कोहा जन्मालाच आलं ते याच कारणाने. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या लायब्ररीचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हतं, म्हणून त्यांनी नवीन करवून घेतलं, आणि ते सगळ्यांसाठी खुलं केलं.

प्रश्न : दादा, मी नाशिकला एका कंपनीत सिस्टिम ॲडमिन आहे, नोकरीचं दुसरंच वर्ष. ऑडिटवाल्यांनी स्कॅनर फिरवला आणि रिपोर्टमध्ये लाल अक्षरात लिहिलं की ओपनएसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) ८.९ आहे, त्यात रेग्रेशन नावाचं भोक आहे, ९.८ वर न्या. मी रोज अपडेट मारतो, उबंटू २२.०४ आहे, तरी आकडा ८.९ च्या पुढे जातच नाही. बॉस म्हणतो सोर्सवरून ९.८ कंपाइल कर आणि विषय संपव. करू का?

उत्तर : थांब, काही कंपाइल करू नकोस. तुझा सर्व्हर बहुतेक दुरुस्त झालेलाच आहे.

उबंटू, डेबियन, रेड हॅट हे सगळे एकाच पद्धतीने काम करतात. एकदा रिलीज झाली की आतल्या सॉफ्टवेअरचा नंबर गोठवायचा आणि पुढची काही वर्षं नव्या व्हर्जनमधला फक्त दुरुस्तीचा तुकडा उचलून जुन्या कोडला जोडायचा, बाकी काही हलवायचं नाही. याला बॅकपोर्ट म्हणतात हे तुला माहीत असेलच. कारण उघड आहे, पूर्ण नवं व्हर्जन आणलं की त्याबरोबर बदललेल्या सवयी पण येतात, कुठली तरी जुनी सेटिंग बाद होते आणि सोमवारी सकाळी निम्म्या ऑफिसचं लॉगिन बंद. रेड हॅटच्या लिनक्सच्या ७ नंबरने तर २०१४ पासून जून २०२४ पर्यंत कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, आकडा ३.१० असाच ठेवला होता, आत दुरुस्त्या किती ओतल्या त्याची गणतीच नाही.

हे जे भोक आहे ते क्वालिस कंपनीने १ जुलै २०२४ ला जाहीर केलं. मूळ ओपनएसएसएचने ते ९.८ मध्ये बुजवलं, उबंटूने त्याच वेळी २२.०४ साठी ८.९पी१-३उबंटू०.१० हे पॅकेज काढलं. बघायचं ते शेपटाकडे. पुढचा ८.९ तसाच राहणार आहे, शेवटी ०.१० किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर झालं काम. डीपीकेजी कमांडला पूर्ण नंबर विचार, त्याचा स्क्रीनशॉट आणि उबंटूची सिक्युरिटी नोटीस जोडून ऑडिटरला मेल कर, शहाणा ऑडिटर तेवढ्यावर क्लोज करतो. स्कॅनर बऱ्याचदा फक्त दारावरची पाटी वाचतो, ८.९ लिहिलंय ना, मग लाल. अडून बसला तर लेखी विचार की पॅच नाही हे तुम्ही कशावरून ठरवलं.

आणि बॉसला सांग की हाताने ९.८ बसवलं त्या दिवसापासून ॲप्टला, म्हणजे अपडेट आणणाऱ्या प्रोग्रॅमला, त्याचा पत्ता राहणार नाही. पुढचं भोक येईल तेव्हा रोजचं अपडेट मारूनही काही होणार नाही, तुलाच लक्षात ठेवून परत कंपाइल करावं लागेल, आणि तू नोकरी सोडलीस तर पुढच्याला हे कळणारही नाही. म्हणजे ऑडिटचा कागद हिरवा आणि मशीन उघडं.

याच प्रकरणात अजून एक गंमत आहे. हे भोक २००६ सालीच एकदा बुजवलेलं होतं, २०२० मधल्या एका बदलात ते चुकून परत उघडलं गेलं आणि ८.५पी१ पासूनच्या व्हर्जनमध्ये आलं. डेबियन ११ वर ८.४पी१ होतं, म्हणून ते जुनंवालं त्यातून सहीसलामत सुटलं. त्यामुळे नुसता आकडा लहान आहे म्हणून कोणी ओरडलं तर घाबरून जाऊ नकोस.

प्रश्न : आमची पणजीत छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. सेंटओएस ८ वर (रेड हॅटच्या लिनक्सची फुकट मिळणारी प्रत) दहा वर्षं निश्चिंत म्हणून सगळं उभं केलं आणि दोन वर्षांत हात वर केले त्यांनी. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की फुकटचं घेऊ नका, मधेच सोडून देतात. यावर तुमचं काय म्हणणं?

उत्तर : राग अगदी रास्त आहे, फक्त तो फुकटावर काढू नका. सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आलं, मे २०२९ पर्यंत चालेल असं जाहीर होतं, आणि ८ डिसेंबर २०२० ला सांगितलं की २०२१ संपताना बंद. लोक भडकले ते सपोर्ट संपला म्हणून नाही, सपोर्ट कधीतरी संपतोच, दिलेली तारीख अलीकडे ओढली म्हणून भडकले. माझ्या मते ते चुकीचंच होतं. आणि गंमत बघा, तेच सेंटओएस ७ मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत नीट चालवलं.

पण पुढे काय झालं तेही लिहायला हवं होतं तुम्ही. सेंटओएस सुरू करणाऱ्यांपैकीच एक ग्रेगरी कर्ट्झर, त्याने सेंटओएसच्या जागी रॉकी लिनक्स उभं केलं, क्लाउडलिनक्सवाल्यांनी अल्मालिनक्स आणलं, दोन्ही २०२१ मध्येच हातात आलं, म्हणजे जुनं बंद व्हायच्या आत. कोड खुला होता म्हणून हे झालं. विकतच्या बंद सॉफ्टवेअरची कंपनी उठून गेली तर तुम्ही कोणाकडे जाणार होता? अजून कुठे ७ वर अडकला असाल तर अल्मावाल्यांचं एलिव्हेट नावाचं टूल जागच्या जागी वर नेतं. बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७१. जुन्या लॅपटॉपवर नातवाने डेबियन टाकून दिलं आहे, ३२ बिटचं. आता म्हणतो आजोबा, पुढचं व्हर्जन याच्यावर येणार नाही. लॅपटॉप उत्तम चालतो. भंगारात द्यायचा का?

उत्तर : अजिबात नाही, काका. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं त्यात ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणं बंद केलं, नातवाचं बरोबर आहे. पण आधी त्याला एलएससीपीयू ही कमांड मारायला सांगा. तिथे ३२-बिट, ६४-बिट असं दोन्ही दिसलं तर तुमचा प्रोसेसर ६४ बिटचाच आहे आणि नुसती सिस्टिम ३२ ची टाकलीय, कोअर टू ड्युओच्या काळातल्या खूप लॅपटॉपवर असं झालेलं असतं, कारण तेव्हा रॅम कमी होती आणि टाकणाऱ्याने हाताशी असलेली सीडी टाकली. तसं असेल तर सरळ ६४ बिटचं डेबियन १३ टाकून घ्या. खरंच ३२ बिट निघाला तर डेबियन १२ वरच राहा, त्याचा एलटीएस, म्हणजे लांब मुदतीचा, सपोर्ट जून २०२८ पर्यंत ठरलेला आहे. फक्त बँकेचं काम त्यावर करू नका, कारण मोझिलानेही लिनक्सवर ३२ बिटचा फायरफॉक्स बंद करायला घेतलाय आणि ब्राउझर जुना झाला की सगळ्यात आधी तिथूनच घात होतो. लिहिणं, वाचणं, गाणी ऐकणं खुशाल करा.

प्रश्न : मी पुण्यात जॉब करते आणि रात्री, वीकेंडला एक छोटी कोड लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) सांभाळते, आकडे मराठी अक्षरांत लिहून देणारी, चेक आणि बिलांसाठी वापरतात. पहिलं व्हर्जन मी कधीच बंद केलं, दुसरं नव्याने लिहिलं. आता एका मोठ्या कंपनीतला माणूस दर आठवड्याला मेल टाकतो की पहिल्यातला बग फिक्स करा, अर्जंट, आमचं प्रॉडक्शन अडलंय. दुसऱ्यावर या म्हटलं तर म्हणतो अप्रूव्हल मिळत नाही. पैशाचं नाव नाही. नाही म्हणताना अपराधी वाटतं. माझी जबाबदारी आहे का ही?

उत्तर : नाही. तुमच्या लायसन्समध्ये, एमआयटी असो, अपाचे असो, जीपीएल असो, स्पष्ट लिहिलेलं असतं की आहे तसं देतोय, हमी नाही. त्या कंपनीच्या लीगलवाल्यांनी ते वाचूनच सही केलीय.

पण तुम्हाला अपराधी का वाटतं ते समजतं, आणि बाहेरच्यांना हे काम किती असतं तेच माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. लोकांना वाटतं फिक्स तर तयार आहे, जुन्यात पेस्ट करायचं. तसं होत नाही. नव्यात ते फंक्शनच वेगळ्या फाइलमध्ये गेलेलं असतं, जुन्यात ते तीन ठिकाणी विखुरलेलं असतं, ज्या दुसऱ्या लायब्ररीवर जुनं उभं आहे तिचंही जुनंच व्हर्जन लागतं आणि ते आता आपल्या मशीनवर बिल्डच होत नाही, टेस्ट चालवायला जुना कंपायलर, जुनी सिस्टिम परत उभी करा. हे सगळं करून दुरुस्ती दिली आणि त्यातून दुसरंच काही मोडलं तर शिव्या तुम्हालाच. प्रत्येक जुनी शाखा म्हणजे तोच बग परत एकदा, वेगळ्या कोडमध्ये.

लिनक्स कर्नलसारख्या ठिकाणी, जिथे जगातल्या बड्या कंपन्यांची माणसं पगारावर बसलेली आहेत, तिथेही हे झेपेना. लॉन्गटर्म कर्नलला सहा वर्षं द्यायची रीत होती, २०२३ मध्ये कर्नलवर लिहिणाऱ्या जोनाथन कॉर्बेटने स्पेनमधल्या बिलबाओच्या परिषदेत सांगितलं की आता सुरुवातीला दोनच. जुनी कर्नल फारसं कोणी वापरत नाही आणि सांभाळणारे थकून गेलेत, हे कारण. पुढे मुदत वाढू शकते, पण त्यासाठी वापरणाऱ्यांनी टेस्ट करायला, हातभार लावायला पुढे यावं लागतं. ज्यांना पूल, वीजकेंद्रं, रेल्वे अशा कामांना दहा-दहा वर्षं एकच कर्नल हवं त्या कंपन्यांनी सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म नावाचा वेगळा प्रकल्प काढला आणि ते काम स्वतःच्या खर्चाने चालवलं. डेबियनचंही बघा. त्यांचा एलटीएस २०१४ पासून आहे, पण तो हवेतून येत नाही, राफाएल हर्ट्झोगची फ्रेक्सियन ही कंपनी गरजू कंपन्यांकडून पैसे गोळा करते आणि जुन्या पॅकेजवर काम करणाऱ्यांना तासाच्या हिशोबाने देते. पाच वर्षांनंतरचं अजून हवं असेल तर तेही मिळतं, अजून पैसे टाका. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या-पाठवणाऱ्या टूलचा डॅनियल स्टेनबर्ग तर सांगूनच टाकतो की प्रकल्प दुरुस्त्या देणार त्या ताज्या व्हर्जनमध्येच, जुन्याला हवं तर पैसे मोजून सपोर्ट घ्या. कर्ल तुमच्या त्या मोठ्या कंपनीतही नक्की असेल, विचारा त्यांना त्याला कधी असे मेल टाकले का.

तेव्हा मेलला उत्तर असं द्या की पहिल्या व्हर्जनचा सपोर्ट संपलेला आहे, तरी हवा असेल तर माझा तासाचा दर हा, इतके तास लागतील, निम्मे आगाऊ. दर लाजत लाजत सांगू नका, त्यांचा कन्सल्टंट जेवढा घेतो तेवढा सांगा. पैसे द्यायचे नसतील तर कोड खुला आहे, त्यांच्याकडे इंजिनिअर आहेत, त्यांनी स्वतःची प्रत काढून तीत फिक्स करावा. आणि रीडमीमध्ये (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) पहिल्याच परिच्छेदात लिहून टाका, पहिलं व्हर्जन अमुक तारखेला बंद, दुसऱ्याला सिक्युरिटीच्या दुरुस्त्या अमुक तारखेपर्यंत. तारीख आधी लिहिलेली असली की निम्मे मेल येतच नाहीत. जमेल तेवढीच तारीख लिहा, वरच्या पत्रातल्या सेंटओएसवाल्या गोवेकरांचं काय झालं ते वाचलंत ना.

एक मात्र करू नका. त्रास चुकवायला म्हणून त्या माणसाला तुमच्या रेपोचे, म्हणजे कोड ठेवलेल्या जागेचे, राइट्स देऊ नका. एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीचं प्रकरण आठवा. लासे कॉलिन एकटा ती लायब्ररी सांभाळायचा, थकलेला होता, अपडेट का येत नाहीत म्हणून वेगवेगळ्या नावांनी मेलवर मेल येत राहिले, आणि मदत करतो म्हणत आलेल्या जिआ टॅन या नावामागच्या कोणीतरी हळूहळू विश्वास मिळवून २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार घालून ठेवलं. आंद्रेस फ्रॉइंडला लॉगिनला किंचित उशीर होतोय हे खटकलं म्हणून ते मार्चच्या शेवटी सापडलं. डेबियनच्या स्टेबलमध्ये (पक्क्या आवृत्तीत) जुनं व्हर्जन होतं, तिथे ते पोचलंच नाही. तुमच्या मेलवाल्याच्या मनात तसलं काही असेल असं मी म्हणत नाही, तो बिचारा त्याच्या मॅनेजरच्या शिव्या खात असणार, पण घाईगर्दीत किल्ली कोणाच्याही हातात द्यायची नसते.

असे मेल यापुढे वाढतील हेही धरून चला. युरोपात सायबर रेझिलिअन्स ॲक्ट आलाय, त्याची मुख्य कलमं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात, आणि तिथे डिजिटल वस्तू विकणाऱ्याला साधारण किमान पाच वर्षं सिक्युरिटी सांभाळावी लागणार. आपल्याकडच्या ज्या कंपन्या युरोपात माल पाठवतात त्यांना आपण आत काय काय वापरलंय ते आता मोजावं लागतंय, आणि मोजता मोजता त्यांना तुम्ही सापडणार. पण ती जबाबदारी विकणाऱ्याची आहे. धंदा न करता हौसेने कोड देणाऱ्याला त्या कायद्याने बाहेर ठेवलंय. कोणी त्या कायद्याची भीती घालून मेल केला तर हे त्याला कळवा.

प्रश्न : कोल्हापूर. वेब डिझाइनचं काम करतो. एका सराफांची साइट वर्डप्रेस ४.५ या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे, खाली पीएचपी ७.४ ही भाषा. शेट म्हणतात साइट चालू आहे ना, मग कशाचे पैसे? मी ऐकलंय की वर्डप्रेस जुन्यालाही अपडेट देतं. मग खरंच गरज आहे का?

उत्तर : ऐकलंय ते बरोबर आहे, फक्त तुमच्या शेटजींच्या साइटला आता ते लागू नाही. वर्डप्रेसचा अधिकृत सपोर्ट नेहमी ताज्या व्हर्जनलाच असतो, पण ऑक्टोबर २०१३ मध्ये ३.७ ने आपोआप अपडेटची सोय आणली तेव्हापासून ते मागच्या सगळ्या व्हर्जनपर्यंत सिक्युरिटीचे फिक्स पोचवत आले, निव्वळ चांगुलपणा म्हणायचा. तो बोजा इतका झाला की डिसेंबर २०२२ मध्ये ३.७ ते ४.० सोडून दिले, आणि जुलै २०२५ मध्ये ४.१ ते ४.६. तुमचं ४.५ त्यात गेलं. पीएचपी ७.४ तर २८ नोव्हेंबर २०२२ लाच संपलं.

खरं तर कोअरची, म्हणजे मूळ वर्डप्रेसची, मला एवढी काळजी वाटत नाही. जास्त भोकं प्लगइनमध्ये (वरून जोडलेल्या भागांत) निघतात आणि प्लगइनवाले जुन्याला काही पाठवत नाहीत, त्यांचं नवं व्हर्जन तुमच्या ४.५ वर बसतच नाही, म्हणजे तिथे वर्षानुवर्षं तसंच. शेटजींना टेक्निकल काही सांगू नका, गूगलवर त्यांच्या दुकानाच्या नावाखाली एक दिवस जुगाराच्या जाहिराती दिसायला लागतील एवढंच सांगा, हॅक झालेल्या वर्डप्रेसवर हेच होतं. साइटवर नुसते फोटो आणि पत्ता असेल आणि पैसे द्यायचेच नसतील तर सगळी पानं साध्या एचटीएमएलमध्ये काढून ठेवा, पीएचपी नको आणि वर्डप्रेस नको, मग कसला सपोर्ट संपतोय.

प्रश्न : साखर कारखान्यात आयटी बघतो. वजनकाट्यावरून उसाच्या गाड्यांचं वजन घेऊन पावती काढणारी स्क्रिप्ट पायथन २.७ या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे, लिहिणारे साहेब रिटायर झाले. नवा पीसी आला तर त्यावर पायथन २ मिळतच नाही. पायथन २ ला कोणीच सपोर्ट देत नाही का आता? हंगामात काही झालं तर शेतकरी आम्हाला उभं करतील.

उत्तर : पायथनवाल्यांनी जितकी मुदत दिली तितकी क्वचितच कोणी देत असेल. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं, २.७ चा शेवट आधी २०१५ ठरला होता, लोक हलेनात म्हणून २०१४ मध्ये तो २०२० पर्यंत ढकलला, आणि १ जानेवारी २०२० ला थांबवून एप्रिलमध्ये २.७.१८ हे शेवटचं काढलं. रेड हॅटने त्यांच्या ८ नंबरमध्ये पैसे घेऊन जून २०२४ पर्यंत ते ओढलं. पायपाय नावाचा दुसरा पायथन आहे, तो स्वतःच पायथन २ च्या जातीच्या कोडमध्ये लिहिलेला असल्यामुळे त्याची २.७ ची आवृत्ती अजून मिळते, अगदीच अडलात तर तात्पुरती ती चालेल. आपला कोविद गोयल, कॅलिबर हे ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअर करणारा, तो एकेकाळी म्हणत होता की पायथन २ मी स्वतः सांभाळू शकतो, पण शेवटी त्यानेही सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिबर ५ पायथन ३ वर आणलं, तेव्हा बरीच जुनी प्लगइन बंद पडली.

तुमच्यासाठी मी म्हणेन की यंदाच्या हंगामात काटा आहे तसा चालू द्या, तो पीसी इंटरनेटवरून काढा, त्याच्या हार्ड डिस्कची एक पूर्ण कॉपी करून कपाटात ठेवा, आणि गाळप संपलं की स्क्रिप्ट ३ मध्ये आणा. असल्या स्क्रिप्ट सहसा लहान असतात, बदल थोडे असतात, पण त्यातला एक तुमच्या जिवावर उठेल. पायथन २ मध्ये पूर्ण संख्येला पूर्ण संख्येने भागलं की उत्तर पूर्णच येतं, पाच भागिले दोन म्हणजे दोन. पायथन ३ मध्ये तेच अडीच येतं. एरर येत नाही, नुसता आकडा बदलतो. किलोचं क्विंटल किंवा टन करताना, बांधणीची कपात काढताना जिथे जिथे भागाकार आहे ती प्रत्येक ओळ बघा, आणि साहेबांनी ते अपूर्णांक सोडून देणं मुद्दाम ठेवलं होतं की नकळत झालं होतं हे त्यांना घरी जाऊन विचारा, रिटायर झालेली माणसं असलं सांगायला खूश असतात. शेतकऱ्यांची नावं देवनागरीत छापत असाल तर तिथेही बदल लागतील, पण तो फायद्याचा, ३ मध्ये मराठी नावं तुटायचं प्रमाण खूप कमी होतं.

मग मागच्या हंगामातल्या सगळ्या पावत्यांचा कच्चा डेटा दोन्ही स्क्रिप्टमधून काढा आणि निव्वळ वजनाचे रकाने शेजारी शेजारी लावून बघा. फरक निघाला तर तो चीफ अकाउंटंटला आधी दाखवा, काट्यावर नंतर जा.